आन्वीक्षिकी : बुद्धीला काम कोणतं दिलं होतं?

नेट-सेटची तयारी करणाऱ्यांच्या वहीत 'आन्वीक्षिकी' हा शब्द बहुतेक वेळा एका ओळीत संपतो. आन्वीक्षिकी म्हणजे तर्कविद्या, कौटिल्याच्या चार विद्यांपैकी पहिली. पुढचा प्रश्न. परीक्षेपुरतं एवढं पुरतंही. पण तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल, तर या शब्दापाशी जरा थांबा. तत्त्वज्ञान कशासाठी करायचं आणि त्यात बुद्धीचं काम नेमकं काय, या दोन प्रश्नांवर आपल्याकडे जुन्या काळी जो वाद झाला, त्याचे बरेचसे पुरावे याच शब्दाभोवती सापडतात.

या वादाबद्दल दोन ठरीव मतं तुमच्या कानावर येतील. एक म्हणजे, आपल्याकडे तत्त्वज्ञान कधी धर्मापासून सुटलंच नाही, त्यामुळे बुद्धी कायम शास्त्राच्या ताबेदारीत राहिली. दुसरं याच्या अगदी उलट: युरोपच्या कितीतरी आधी आपल्याकडे शुद्ध बुद्धिवाद होता, नंतर तो दडपला गेला. दोन्ही मतं सिनॉप्सिसमध्ये छान दिसतात. मूळ ग्रंथ उघडल्यावर मात्र दोन्ही अडचणीत येतात. का, ते बघू.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. हिंदी विद्यापीठात विभागाच्या दारावर 'दर्शनशास्त्र' लिहिलेलं असतं, आपल्याकडे 'तत्त्वज्ञान'. वरवर दोन्ही एकाच विषयाची नावं. पण न्यायसूत्रांमध्ये 'तत्त्वज्ञान' हे विषयाचं नाव नाहीच. ते विषयाचा अभ्यास करून शेवटी हाती येणारं फळ आहे. म्हणजे आपण मराठीत पोहोचायच्या ठिकाणाचं नाव रस्त्याला दिलेलं आहे. 'तर्क' या शब्दाचीही अशीच गत झाली. आपण 'तर्क लढवतो', म्हणजे अंदाज बांधतो. एखादा माणूस 'तर्कटी' असतो, म्हणजे वाकड्यात शिरणारा. आणि 'वितंडवाद' म्हणजे निव्वळ डोकेफोड. हे तिन्ही शब्द एका काटेकोर शास्त्रातून निसटून रोजच्या बोलण्यात आले, आणि येताना थोडी बदनामी घेऊन आले. ती बदनामी नवी नाही, हे पुढे कळेलच.

आता कौटिल्य. अर्थशास्त्राचा ग्रंथ कित्येक शतकं फक्त इतरांच्या उल्लेखांमधून माहीत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात आली आणि आर. शामशास्त्रींनी 1909 मध्ये तो छापला. पुढे मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगल्यांची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग 1960 ते 1965 या काळात प्रसिद्ध केले. आजही या ग्रंथावर काम करायचं तर कंगल्यांना टाळून पुढे जाता येत नाही. ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही, हे लक्षात ठेवा. कंगले तो मौर्यकाळातला मानतात. थॉमस ट्राउटमन यांनी 1971 मध्ये शब्दांच्या वापराची आकडेमोड करून त्यात एकापेक्षा जास्त हात दिसतात असं मांडलं. पॅट्रिक ऑलिव्हेल त्याचा गाभा इसवी सनाच्या आसपासचा धरतात. तेव्हा 'इ.स.पू. 300 मध्ये कौटिल्य म्हणतो' असं वाक्य प्रबंधात बेधडक लिहू नका. व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येईल.

राजपुत्राला शिकवायचं काय, हा कौटिल्यासमोरचा प्रश्न आहे. तो आधी इतरांची मतं देतो. मानव संप्रदायाच्या मते विद्या तीनच: त्रयी म्हणजे वेद, वार्ता म्हणजे शेती-पशुपालन-व्यापार, आणि दंडनीती म्हणजे राज्यकारभार. आन्वीक्षिकी ते वेगळी मोजत नाहीत, ती त्रयीचाच एक भाग म्हणतात. बार्हस्पत्य दोनच मानतात, वार्ता आणि दंडनीती. व्यवहार कळणाऱ्या माणसासाठी वेदविद्या हे नुसतं पांघरूण आहे, असं त्यांचं म्हणणं. औशनसांच्या मते तर दंडनीती एवढी एकच विद्या. कौटिल्य मात्र चार सांगतो आणि आन्वीक्षिकी पहिल्या नंबरावर ठेवतो. तिच्यात सांख्य, योग आणि लोकायत अशी तीन नावं घालतो. (इथला 'योग' म्हणजे पतंजलीचा योग नसून न्याय-वैशेषिकाचं जुनं रूप असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं.) लोकायताचं नाव नीट वाचा. वेद न मानणारा विचार राजपुत्राच्या अभ्यासक्रमात उघडपणे बसलेला आहे.

या विद्येने करायचं काय? कौटिल्याचं उत्तर असं. त्रयीत धर्म कोणता आणि अधर्म कोणता, वार्तेत फायदा कशात आणि तोटा कशात, दंडनीतीत नीती कोणती आणि अनीती कोणती, आणि या तिन्ही विद्यांचं बलाबल काय, हे ती कारणं देऊन तपासते. त्यातून लोकांचं भलं होतं, संकटात आणि भरभराटीत डोकं ठिकाणावर राहतं, विचार, बोलणं आणि काम यांना धार येते. म्हणून तो तिला बाकीच्या विद्यांना उजेड दाखवणारा दिवा म्हणतो.

आता जरा बारकाईने पाहा. आन्वीक्षिकीला इथे स्वतःचा विषय नाही. शेतीचं ज्ञान वार्तेकडे आहे, कर्तव्याचं त्रयीकडे, राज्याचं दंडनीतीकडे. आन्वीक्षिकीकडे आहे ती फक्त तपासणी. शब्दाची फोडच तशी आहे: अनु म्हणजे मागाहून, ईक्षा म्हणजे पाहणं. आधी पाहिलेलं पुन्हा पाहणं.

नेमक्या याच मुद्द्यावर युरोपातल्या दोन संस्कृतज्ञांचं पटलं नाही. हेर्मान याकोबी यांनी 1911 मध्ये, म्हणजे अर्थशास्त्र छापून दोन वर्षं होतात न होतात तोच, असं मांडलं की कौटिल्याच्या या प्रकरणात तत्त्वज्ञान एक स्वतंत्र विद्या म्हणून मान्य झालेलं दिसतं. पाउल हाकर यांनी 1958 मध्ये ते खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या मते हा शब्द 'तत्त्वज्ञान' नावाच्या विषयासाठी नाही, कारणांनी तपासण्याच्या पद्धतीसाठी आहे. पुढे विल्हेल्म हाल्बफास यांनी 'इंडिया अँड युरोप' या ग्रंथात दोघांचा परामर्श घेतला. शब्दार्थापुरतं मला हाकर यांचं म्हणणं पटतं. पण त्यातून 'म्हणजे आपल्याकडे तत्त्वज्ञानच नव्हतं' असा निष्कर्ष कुणी काढला, तर ती घाई होईल. पद्धतीला नाव मिळणं, तिची शिकवणी लावणं आणि तिच्यावरून भांडणं ही काही किरकोळ गोष्ट नाही.

आणि भांडण होतंच. महाभारताच्या शांतिपर्वात एक कोल्हा येतो. काश्यप नावाच्या तरुण ब्राह्मणाला एका श्रीमंत वैश्याच्या रथाचा धक्का लागतो, तो पडतो, आणि चिडून, निराश होऊन जीव द्यायला बसतो. तेव्हा इंद्र कोल्ह्याच्या रूपात येऊन त्याची समजूत काढतो: तुला हात आहेत, माणसाचा जन्म आहे, माझ्याकडे बघ. बोलता बोलता कोल्हा आपला मागचा जन्म सांगतो. तो अर्धवट पंडित होता, कारणं मागत फिरायचा, वेदांची निंदा करायचा, सभेत मोठमोठ्याने युक्तिवाद करायचा, आणि आन्वीक्षिकी नावाच्या निरुपयोगी तर्कविद्येचा त्याला नाद होता. त्याचं फळ म्हणून हा कोल्ह्याचा जन्म! रामायणात भरत चित्रकूटावर भेटायला येतो तेव्हा राम त्याला राज्यकारभाराबद्दल प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. त्यातला एक प्रश्न असा की, लोकायतिक ब्राह्मणांच्या नादी तर लागत नाहीस ना? धर्मशास्त्रं समोर असताना हे लोक आन्वीक्षिकीची बुद्धी धरून भलतंसलतं बोलतात, अशी रामाची तक्रार आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हेतुशास्त्राच्या जोरावर श्रुती-स्मृतींचा अवमान करणाऱ्याला सज्जनांनी बाहेर काढावं असं सांगितलं आहे.

पण त्याच मनुस्मृतीत बाराव्या अध्यायात ऋषींचा उपदेश तर्काने तपासणाऱ्यालाच धर्म कळतो असंही म्हटलं आहे. अट एकच, तो तर्क वेदाच्या विरोधात जाणारा नसावा. सातव्या अध्यायात तर राजाने आन्वीक्षिकी शिकावी असा आदेशच आहे. त्या श्लोकात आन्वीक्षिकीच्या शेजारी 'आत्मविद्या' हा शब्द येतो आणि मध्ये एक 'च' आहे. तो 'आणि' म्हणून वाचला तर विद्या दोन होतात. आन्वीक्षिकीला आत्मविद्येचं विशेषण जोडलं, तर तर्कविद्या आत्मज्ञानाच्या घरात नांदायला येते. एका 'च'वर किती काही ठरतं, हे पाहायचं असेल तर या श्लोकावरच्या जुन्या टीका चाळा.

म्हणजे चित्र असं की, राजाच्या शिक्षणात बुद्धीला मान आहे, आणि सभेत वेदाला प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी तीच बुद्धी शाप ठरते. वस्तू एकच. ती कुणाच्या कामाला लावली आहे, यावरून तिची किंमत बदलते.

या वातावरणात न्यायभाष्य लिहिलं गेलं. न्यायसूत्रं अक्षपाद गौतमाची म्हणून ओळखली जातात. त्यांवरचं सर्वांत जुनं उपलब्ध भाष्य वात्स्यायनाचं, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातलं. (कामसूत्रवाला वात्स्यायन वेगळा. यांना पक्षिलस्वामी असंही नाव आहे.) पहिल्याच सूत्रात सोळा गोष्टींची यादी आहे: प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन, दृष्टान्त अशी सुरू होऊन ती थेट वादात हरण्याच्या जागांपर्यंत, म्हणजे निग्रहस्थानांपर्यंत जाते. या सोळांचं खरं ज्ञान झालं की निःश्रेयस मिळतं, असं सूत्र सांगतं. आता कुणीही विचारेल, वादात हरण्याचे प्रकार पाठ करून मोक्ष कसा मिळणार? वात्स्यायनालाही हा प्रश्न टाळता आलेला नाही.

त्याची आक्षेपक अशी बाजू मांडतो: जाणून घ्यायच्या सगळ्या गोष्टी 'प्रमेय' या एका खात्यात मावतात, मग संशय, प्रयोजन वगैरे वेगळं सांगायचं कारण काय? वात्स्यायनाचं उत्तर मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो, प्रत्येक विद्येची आपली वाट असते. संशयापासूनच्या या गोष्टी वेगळ्या सांगितल्या नाहीत, तर ही विद्या उपनिषदांसारखी नुसती अध्यात्मविद्या होईल. ही चौथी विद्या आहे, आन्वीक्षिकी. आणि लगोलग तो कौटिल्याकडे सापडणारा तोच दिव्याचा श्लोक देतो, फक्त शेवटचा चरण वेगळा आहे. राजपुत्राच्या अभ्यासक्रमातली जागा तो मोक्षशास्त्रासाठी मागून घेतो आहे.

मोक्ष हे ध्येय त्याने ठेवलं आहेच. चुकीचं ज्ञान गेलं की दोष जातात, दोष गेले की प्रवृत्ती, मग जन्म, मग दुःख, अशी साखळी दुसऱ्या सूत्रात आहे. पण त्या ध्येयाकडे जायची न्यायाची स्वतःची वाट संशयातून जाते, हे त्याला सोडायचं नाही. पुढे तो सांगतो की जी वस्तू अजिबात माहीत नाही तिच्यावर न्याय चालत नाही, आणि जी पक्की ठरली आहे तिच्यावरही चालत नाही. ज्या गोष्टीबद्दल संशय आहे तिथेच त्याचं काम सुरू होतं. संध्याकाळच्या अंधारात समोर उंच काहीतरी दिसतं: खांब की माणूस? ही न्यायवाङ्मयातली नेहमीची उपमा. काहीच दिसलं नसतं तर प्रश्न नव्हता, हात-पाय दिसले असते तरी नव्हता.

तुमच्यापैकी जे विषयनिवडीच्या टप्प्यावर अडकले आहेत, त्यांनी ही कसोटी लावून पाहावी. 'अमुक कवीच्या काव्याचा अभ्यास' यात संशय कुठे आहे? खांब की माणूस, हे दोन पर्याय तुम्हाला सांगता येतात का? संशोधन-समस्या म्हणून आपण जे लिहितो, ती बहुतेक वेळा नुसती विषयाची हद्द असते.

संशयाच्या पाठोपाठ यादीत प्रयोजन येतं, हाही योगायोग नाही. ज्या हेतूने माणूस हालचालीला लागतो तो हेतू, असा त्याचा अर्थ. कुठलाही संशय उकलायलाच हवा असं नाही. कावळ्याला दात किती, याचा शोध घेणाऱ्याची संस्कृत पंडितांनी काकदन्तपरीक्षा म्हणून कायम थट्टा केली. प्रयोजन सांगितल्याशिवाय शास्त्र कोण हातात घेईल, असं मीमांसक कुमारिल सातव्या शतकात विचारतो. पुढे ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायची पद्धत पडली: विषय, प्रयोजन, दोघांचा संबंध आणि अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ कुणासाठी. यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. सिनॉप्सिसचा नमुना तुमच्या विद्यापीठाने तयार केला असं वाटत असेल, तर हे चार रकाने बघून घ्या.

बुद्धीच्या कामाबद्दल वात्स्यायन अगदी काटेकोर आहे. प्रत्यक्षाने आणि आगमाने, म्हणजे विश्वासार्ह शब्दाने, जे कळलं आहे ते पुन्हा तपासणं म्हणजे अन्वीक्षा. प्रत्यक्ष किंवा आगम यांच्या विरोधात जाणारं अनुमान त्याच्या लेखी खरा न्याय नाही, न्यायाभास आहे. तर्काला तर तो प्रमाणाचा दर्जाही देत नाही. तर्क प्रमाणाचा मदतनीस आहे. दोन पर्यायांपैकी कुठल्या बाजूला कारणं जमतात ते तो दाखवतो, निकाल मात्र प्रमाण देतं. इथे पहिल्या मताचे लोक म्हणतील, बघा, बुद्धी शास्त्राची दासीच ठरली.

थांबा. प्रमाणांनाच कुणी प्रश्न विचारला तर? तो विचारला गेलाच. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या नागार्जुनाने विग्रहव्यावर्तनीत नेमकं हेच बोट ठेवलं आहे: सगळं प्रमाणांनी सिद्ध करता, मग प्रमाणं कशाने सिद्ध करणार? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर ही रांग कुठे संपत नाही. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच वळणाचा आक्षेप येतो, आणि त्याला उत्तर म्हणून तराजू येतो. तराजूने आपण सोनं तोलतो तेव्हा तराजू हे मोजण्याचं साधन. पण त्याच तोललेल्या सोन्याने दुसरा तराजू बरोबर आहे का ते पाहतो, तेव्हा सोनं साधन होतं आणि तराजू तपासायची वस्तू. सराफाच्या पेढीवर रोज चालणारी गोष्ट. कुठलंही साधन कायमचं तपासणीच्या बाहेर नाही, आणि सगळी साधनं एकाच वेळी संशयात टाकायचीही गरज नाही. नागार्जुनाचं समाधान यातून झालं असतं असं मला वाटत नाही. तो म्हणाला असता, पहिलं सोनं कुणी तोललं? पण नैयायिकाला हे उत्तर पुरलं, कारण त्याच्या लेखी ज्ञानाची परीक्षा शेवटी व्यवहारात होते. न्यायभाष्याची सुरुवातच या मुद्द्याने होते की प्रमाणाने वस्तू नीट कळली तर केलेली खटपट यशस्वी होते.

आता आगमाकडे, म्हणजे वेदाकडे या. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आन्हिकात वेदावर तीन आरोप ठेवले जातात: त्यात खोटं आहे, परस्परविरोध आहे, पुनरुक्ती आहे. उदाहरण बेधडक आहे. पुत्रकामेष्टी केली आणि मुलगा झाला नाही. उत्तर तसं बचावाचंच दिलं जातं: कर्मात, करणाऱ्यात किंवा साधनात काही उणं राहिलं असेल. हे उत्तर आपल्याला आज लंगडं वाटतं, आणि वाटायला हरकत नाही. पण शेवटी वेद प्रमाण का, याचं जे कारण सूत्र देतं ते पाहा: मंत्र आणि आयुर्वेद यांच्याप्रमाणेच, सांगणारा विश्वासार्ह आहे म्हणून. मीमांसकांच्या कानांना हे किती झोंबलं असेल याची कल्पना करा. त्यांच्या मते वेदाला कर्ताच नाही, म्हणून त्यात चूक संभवत नाही, आणि त्याला बाहेरच्या आधाराची गरज नाही. न्याय मात्र म्हणतो, वैद्याचं औषध लागू पडतं तेव्हा आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो, वेदाचंही तसंच. बाजू वेदाचीच घेतली, पण घेताना वेदाला औषधाच्या शेजारी तराजूवर ठेवलं.

न्यायशास्त्राची सगळी वादावादी मला इथे एकवटलेली दिसते. रखवालीला ठेवलेल्या माणसाने मालकालाही दारात 'आपण कोण?' विचारावं, तसा हा प्रकार.

वैद्यकाचा दाखला सहज आलेला नसावा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वादाचं मोठं प्रकरण आहे. तिथे वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक सलोख्याची आणि एक झगड्याची. झगड्याची असेल तर समोरच्याची कुवत आणि सभेचा कल आधी जोखायला सांगितलं आहे. प्रतिपक्षी कमी शिकलेला असेल तर लांबच लांब सूत्रपाठ म्हणून त्याला दडपून टाका, असाही सल्ला आहे. (सेमिनारमध्ये अवघड नावांची सरबत्ती करणारे तुम्ही पाहिले असतील. परंपरा जुनी आहे.) न्यायाचं वादशास्त्र वैद्यांच्या अशा सभांतून वाढलं असावं, असा सुरेन्द्रनाथ दासगुप्तांचा कयास होता.

न्यायसूत्रं तीन प्रकार करतात. वाद म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रमाण आणि तर्काच्या आधारे सत्य ठरवण्यासाठी केलेली चर्चा. जल्पात जिंकणं हा हेतू असतो, त्यामुळे शब्दच्छल, फसवी उत्तरं सगळं चालतं. वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची. फसव्या उत्तरांचे चोवीस आणि हरण्याच्या जागांचे बावीस प्रकार मोजले आहेत. त्यांत मूळ मुद्दा सोडून भलतीकडे जाणं आहे, उत्तर न सुचणं आहे, आणि 'मला जरा काम आहे' म्हणून चर्चा अर्ध्यावर टाकून निघून जाणंही आहे.

मग मोक्षाच्या शास्त्रात जल्प आणि वितंडा कशाला? चौथ्या अध्यायाच्या शेवटी याचं उत्तर शेतातून येतं. कोवळ्या रोपांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं सत्याच्या निर्णयाला जपण्यासाठी हे दोन प्रकार. त्याच्या थोडं आधी सत्य समजून घेण्यासाठी कुणाशी बोलावं तेही सांगितलं आहे: शिष्य, गुरू, बरोबर शिकणारे, आणि मनात आकस नसलेले जाणकार. पिकासाठी हे, कुंपणासाठी ते. बाभळीच्या फांद्या लावल्या म्हणून पीक येत नाही, आणि न लावल्या तर गुरं शिरतात. फक्त कुंपणाला शेवटी रोपांपेक्षा जास्त जागा लागायला लागली तर काय करायचं, हे सूत्रांनी सांगितलेलं नाही. पुढच्या काळात नेमकी तीच वेळ आली.

पाचव्या-सहाव्या शतकात दिङ्नागाने प्रमाणं दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान, असं ठरवून शब्दाला अनुमानात जमा केलं. वेदाच्या स्वतंत्र प्रामाण्यावर हा थेट घाव होता. त्याला उत्तर म्हणून उद्योतकराने न्यायवार्तिक लिहिलं. सुरुवातीलाच तो सांगतो की जगाच्या शांतीसाठी अक्षपादाने हे शास्त्र सांगितलं, आणि वाईट तार्किकांनी त्यावर पसरवलेलं अज्ञान दूर करायला आपण लिहितो आहोत. वाईट तार्किक म्हणजे कोण, ते दिङ्नागाची नावं घेत पुढे टीकाकारांनी फोडून सांगितलं. तरीही उद्योतकराकडे एक मोकळेपणा शिल्लक आहे. निःश्रेयस म्हणजे फक्त मोक्ष असं तो धरत नाही. प्रत्येक विद्येचं आपलं तत्त्वज्ञान आणि आपलं निःश्रेयस असतं. वार्तेत जमिनीचं वगैरे नीट ज्ञान हे तत्त्वज्ञान, आणि भरघोस पीक हे निःश्रेयस! कृषी विद्यापीठातून पीएच.डी. करणाऱ्यांनी हा उतारा जपून ठेवावा. तुमच्या पदवीच्या नावात 'फिलॉसॉफी' का, असं कुणी विचारलं तर उपयोगी पडेल.

नवव्या शतकाच्या अखेरीस काश्मिरात जयंत भट्टाकडे येईपर्यंत सूर बदललेला आहे. न्यायमंजरीच्या आरंभी तो सांगतो की न्यायशास्त्र सगळ्या विद्यांचा मुख्य खांब आहे, कारण ते वेदाचं प्रामाण्य राखतं. कुतर्क करणाऱ्यांनी तेच मोडून काढलं तर बाकीच्या विद्या उभ्या कशावर राहणार? संशयासाठी वेगळी वाट मागणारा वात्स्यायन आणि वेदाच्या राखणीसाठी आपली गरज पटवून देणारा जयंत, यांच्यात काही शतकांचं अंतर आहे, आणि दोघंही स्वतःला त्याच शास्त्राचे मानतात. जयंताला हेही विचारलं जातं की अक्षपादाच्या आधी वेदाचं रक्षण कोण करत होतं? तो उलट विचारतो, जैमिनीच्या आधी वेदाचा अर्थ कोण लावत होतं, पाणिनीच्या आधी शब्द कोण साधत होतं? विद्या सृष्टीच्या आरंभापासून आहेत, कुणी थोडक्यात सांगतो, कुणी विस्ताराने, एवढंच.

हाच जयंत नीलांबर नावाच्या पंथावर राजा शंकरवर्म्याने बंदी घातली ते मान्यतेच्या सुरात नोंदवतो. आणि हाच जयंत असंही लिहून ठेवतो की राजाने आपल्याला एका निःशब्द जागी बंदीत ठेवलं आहे आणि हा ग्रंथ लिहिण्यात आपण दिवस घालवतो आहोत. त्याला कशासाठी डांबलं होतं, याचा पत्ता ग्रंथातून लागत नाही. पण त्या एकांतात बसून त्याने बौद्ध, मीमांसक, चार्वाक सगळ्यांची मतं इतक्या नीटपणे मांडली की आज चार्वाकांवर काम करणाऱ्यालाही न्यायमंजरी उघडावी लागते. विरोधकाचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही पूर्वपक्षाची शिस्त तुरुंगातही सुटली नाही. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूत ज्या अभ्यासकाला तुम्ही दोन ओळींत निकालात काढलं आहे, तो ते वाचून 'हो, मी असंच म्हणालो होतो' म्हणेल का, एवढं पाहा.

या विषयात शिरायचं असेल तर न्यायभाष्याचा फक्त पहिल्या सूत्रावरचा भाग आधी वाचा. गंगानाथ झा यांचं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं, आणि अनंतलाल ठाकूर यांची मूळ संहितेची आवृत्ती शेजारी ठेवा. शब्द अडला की भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश उघडा. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1928 मध्ये काढली. 'प्रयोजन' आणि 'संशय' या दोन नोंदींपासून सुरुवात केलीत तरी चालेल.